जैव-उत्तेजके: आधी जमिनीत अन्न, मग मुळांना चालना

समुद्रशैवालाचा अर्क, ह्युमिक (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतले आम्ल), अमिनो आम्ले, जिवाणू-बुरशींची कल्चर्स या सगळ्यांना बाजारात सरसकट ‘टॉनिक’ म्हणतात. यांपैकी एकातही पिकाला पोसेल एवढे अन्न नसते. हिशेब करून पाहा. समुद्रशैवालाचा द्रवरूप अर्क लिटरला २.५ मिली घेतला आणि हेक्टरी ५०० लिटर पाणी फवारले, तर अर्क लागतो सव्वा लिटर. त्यात १ टक्का नत्र धरले तरी हेक्टरभर शेतात पडते १२-१३ ग्रॅम. मक्याचे पीक मात्र एक टन दाण्यामागे साधारण २० किलो नत्र उचलते. फवारणीनंतर पीक तरारले, तर ते बाटलीतल्या नत्रामुळे नव्हे. जमिनीत होते ते अन्न त्याला जास्त चांगले उचलता आले, म्हणून तरारले.

युरोपीय संघाने २०१९ च्या खत नियमांत जैव-उत्तेजकांची व्याख्या नेमकी हाच धागा धरून केली. हे नियम १६ जुलै २०२२ पासून लागू झाले. उत्पादनात स्वतःचे अन्नद्रव्य किती आहे हे त्यात गौण ठरते. वनस्पतीची पोषणक्रिया सुधारणे, दिलेल्या अन्नाचा वापर वाढवणे, ताण सोसण्याची ताकद वाढवणे, उत्पादनाची प्रत सुधारणे किंवा मातीत अडकलेले अन्न मोकळे करणे, यांपैकी काही होत असेल तरच ते जैव-उत्तेजक. शेतात निर्णय घेतानाही हीच कसोटी लावावी: अन्न कुठे आहे, आणि ते पिकापर्यंत कशामुळे पोहोचत नाही?

फवारणीआधी एक झाड उपटू नका, खणून काढा

माती परीक्षणातून सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) हे चार आकडे हातात घ्या. सामू ८ च्या वर असेल तर लोह, जस्त आणि स्फुरद जमिनीत असूनही अडकून राहतात. अशा ठिकाणी मुळांभोवती आम्लता वाढवणाऱ्या उपायांना वाव असतो. सामू ५.५ च्या खाली गेला असेल तर विरघळलेले ॲल्युमिनियम मुळांची टोके जाळते. तिथे कोणतेही उत्तेजक देण्याआधी चुना देऊन सामू वर आणावा लागतो.

दुसरे काम खुरप्याचे. पिकातले मध्यम वाढीचे झाड निवडा. खोडापासून वीतभर अंतर सोडून चारही बाजूंनी २५ ते ३० सेंटिमीटर खोल खणा आणि मातीच्या गोळ्यासकट झाड पाण्याच्या बादलीत ठेवा. अर्ध्या तासाने माती आपोआप सुटते. झटकून किंवा नळाखाली धरून धुतले तर बारीक मुळ्याच तुटून जातात, आणि पाहायच्या असतात त्या त्याच. मुळांची टोके पांढरी, टणक आणि मुळांवर लव दिसत असेल तर जारवा, म्हणजे बारीक मुळांचा पसारा, चांगला चालू आहे. टोके तपकिरी आणि बोटाने दाबल्यावर साल सुटून आतला धागा उरत असेल तर मूळकूज आहे. बहुधा पाणी साचते आहे. सोटमूळ एका ठरावीक खोलीवर येऊन आडवे वळले असेल तर खाली कडक थर आहे. शेवटच्या दोन अवस्थांत बाटलीवर खर्च करू नका. निचरा आणि थर फोडणे ही कामे आधीची.

पानांवरची लक्षणेही वाचा. खालची जुनी पाने सरसकट पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी पडते आहे. कच्चे शेणखत किंवा काडीकचरा नुकताच गाडला असेल आणि त्याचे कर्ब-नत्र गुणोत्तर ३० च्या वर असेल, तर जिवाणू ते कुजवण्यासाठी जमिनीतलेच नत्र ओढून घेतात. तेव्हा उपाय म्हणजे चांगले कुजलेले खत आणि थोडा वेळ. वरची कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोहाकडे पाहा. बोरॉनच नसलेल्या जमिनीत समुद्रशैवाल कितीही फवारले तरी बोरॉन तयार होत नाही.

कोणते द्रव्य कशासाठी

समुद्रशैवालाचे अर्क मुख्यतः तपकिरी शैवालांपासून करतात: ॲस्कोफायलम, एक्लोनिया, सरगॅसम. लाल शैवालांपैकी कप्पाफायकसही वापरतात. तपकिरी शैवालांच्या अर्कांत अल्जिनेट, मॅनिटॉल, बीटेन आणि अल्प प्रमाणात सायटोकायनिन व ऑक्झिन या वाढीच्या संप्रेरकांसारखे घटक असतात. सगळ्यांत भरवशाचा परिणाम ताणाच्या वेळी मिळतो, पण ताण येण्याआधी दिले तर. उष्णतेची लाट, पाण्याची तूट किंवा पुनर्लागवड यांच्या तीन ते सात दिवस आधी द्या. कोमेजलेल्या झाडाची पर्णरंध्रे मिटलेली असतात. त्यावर फवारलेले बहुतांश वाया जाते. प्रमाण द्रवरूपात लिटरला २ ते ३ मिली, विद्राव्य भुकटीत अर्धा ते एक ग्रॅम. ‘थोडे जास्त घातले तर बिघडते कुठे?’ असा विचार इथे चालत नाही. हे घटक संप्रेरकांसारखे वागतात आणि जास्त मात्रेत वाढ वाढण्याऐवजी खुंटते.

ह्युमिक आणि त्याच्याच जातकुळीतले फल्व्हिक आम्ल यांच्याबद्दल गैरसमज फार आहेत. ‘ह्युमिक दिले की सेंद्रिय कर्ब वाढतो’ हा त्यांतला सगळ्यांत पक्का. हेक्टरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन साधारण २००० टन भरते. त्यात अर्धा टक्का सेंद्रिय कर्ब असेल तरी तो झाला १० टन, म्हणजे १०,००० किलो. त्यात चार-पाच किलो पोटॅशियम ह्युमेटने, म्हणजे ह्युमिकच्या विद्राव्य क्षाराने, काय भर पडणार? कर्ब वाढतो तो खताने, हिरवळीच्या पिकाने आणि आच्छादनाने. ह्युमिकचे काम मुळाच्या पातळ पडद्यावर आहे. तिथला प्रोटॉन बाहेर फेकणारा पंप जोमाने चालू लागतो, बाजूच्या मुळ्या जास्त फुटतात, आणि लोह-जस्तासारखी द्रव्ये धरून ठेवली जात असल्याने ती मुळाला मिळत राहतात. म्हणून ते मुळाशी द्यावे, वाफशावर (माती ओलसर पण चिखल नसताना), हेक्टरी २ ते ५ किलो विद्राव्य भुकटी, लागवडीनंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. हलक्या, कमी कर्बाच्या जमिनीत फरक दिसतो. वर्षानुवर्षे भरपूर खत पडलेल्या काळ्या कसदार रानात फारसा दिसत नाही, आणि तिथे तो खर्च टाळलेलाच बरा.

ह्युमिक आम्ल अल्कधर्मी पाण्यात विरघळते आणि तीव्र आम्लात खाली बसते. फल्व्हिक कुठल्याही सामूला विरघळलेलेच राहते. त्यामुळे पानांवर फवारायचे असेल तर फल्व्हिक, मुळाशी द्यायचे असेल तर ह्युमिक. ह्युमेटच्या द्रावणात व्हिनेगर, आंबवलेले अर्क किंवा ताकासारखे आंबट काही मिसळू नका. कॅल्शियम जास्त असलेल्या जड पाण्यातही त्याचे काळे कण धरतात आणि ठिबकच्या तोट्या बुजतात. ठिबकमधून सोडताना आधी साधे पाणी, मग ह्युमेट, आणि शेवटी पुन्हा १५-२० मिनिटे साधे पाणी सोडून नळ्या धुऊन काढा.

अमिनो आम्लांच्या बाटल्यांवर टक्केवारी मोठ्या अक्षरात असते. प्रथिने कशी फोडली हे मात्र बारीक अक्षरात, किंवा नसतेच. विकरांनी, म्हणजे एन्झाइमने फोडलेली वनस्पतिजन्य प्रथिने सौम्य असतात. तीव्र आम्लात उकळून फोडली की ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल नष्ट होते, अमिनो आम्लांचा काही भाग वनस्पतीला न वापरता येणाऱ्या रूपात जातो, आणि आम्ल शमवताना क्षार वाढतात. पानांच्या कडा करपतात त्यामागे अनेकदा हेच क्षार असतात. प्राणिजन्य प्रथिने युरोपीय सेंद्रिय नियमांनुसार पिकाच्या खाण्याच्या भागावर वापरता येत नाहीत. आणखी एक पक्की खूणगाठ: अमिनो आम्ले आणि तांबेयुक्त बुरशीनाशक एका टाकीत कधीच नको. अमिनो आम्ल तांब्याला धरून पानाच्या आत नेते आणि पान भाजते. दोन फवारण्यांत किमान आठवडाभर अंतर ठेवा.

फवारल्यावर दोन दिवसांत शेत काळेभोर झाले तर खूश होण्याआधी शंका घ्या. वर सांगितलेल्या कामांना वेळ लागतो. इतक्या झटपट काळोखी येते ती बहुधा युरिया, लोह किंवा संप्रेरक मिसळल्यामुळे. सेंद्रिय प्रमाणपत्र असलेल्या शेतकऱ्यासाठी ही भेसळ म्हणजे प्रमाणपत्र गमावण्याची वेळ. म्हणून विकत घेण्याआधी उत्पादनाच्या सेंद्रिय मान्यतेचा कागद मागा, त्यावरचे उत्पादनाचे नाव बाटलीवरच्या नावाशी ताडून पाहा आणि आपल्या प्रमाणन संस्थेकडून होकार लेखी घ्या.

शेवग्याच्या पाल्याचा अर्क

घरच्या घरी होणाऱ्या अर्कांत शेवगा आम्हाला सगळ्यांत उजवा वाटतो, कारण त्याच्या कोवळ्या पाल्यात झिअ‍ॅटिन हे सायटोकायनिन चांगल्या प्रमाणात असते आणि कृती अगदी साधी आहे.

पाला ४० दिवसांच्या आतल्या फुटीचाच घ्या, कोवळ्या शेंड्यांसकट. जून पाल्यात रस कमी आणि चोथा जास्त. सकाळी तोडलेल्या १० किलो पाल्याला १ लिटर पाणी पुरते. पाणी जास्त घातले की रस पिळायला सोपा जातो, पण मग तो किती पातळ झाला याचा हिशेब राहत नाही. पाला ठेचा किंवा यंत्रात बारीक करा, जाड सुती कापडात बांधून पिळा, आणि निघालेला गडद हिरवा रस पुन्हा दुहेरी कापडातून गाळा. दुसऱ्यांदा गाळण्याचा कंटाळा केला की पानांचे तंतू नोझलमध्ये अडकतात आणि निम्मा वेळ नोझल उघडण्यात जातो. चोथा खताच्या ढिगावर टाका.

रस एक भाग आणि पाणी ३२ भाग. म्हणजे १५ लिटरच्या पंपाला साधारण ४५० मिली रस. एका झाडाला सुमारे २५ मिली द्रावण बसेल इतकी फवारणी करा. पहिली फवारणी उगवणीनंतर १० दिवसांनी, दुसरी फुलोऱ्याच्या महिनाभर आधी, तिसरी दाणा किंवा फळ धरताना, आणि शेवटची पक्वतेच्या काळात. उशिरा पक्व होणाऱ्या पिकात ही शेवटची वगळायला हरकत नाही.

सगळ्यांत जास्त चूक होते ती साठवणुकीत. रस काढल्यापासून पाच तासांच्या आत वापरला पाहिजे. त्यानंतर तो आंबू लागतो, वास बदलतो, वर फेस येतो. तो फवारला तर पानांवर चिकट थर बसून काळी बुरशी धरते. उरलेला रस लगेच छोट्या पिशव्यांत भरून गोठवा आणि वितळल्यावर त्याच दिवशी संपवा. उद्याची फवारणी आहे म्हणून आज रस काढून सावलीत ठेवणे म्हणजे मेहनत फुकट.

गांडुळांचे व्हर्मीवॉश थोडक्यात सांगण्यासारखे आहे. तोटी बसवलेल्या पिंपात तळाला खडी, त्यावर जाड वाळू, त्यावर अर्धवट कुजलेले शेण-काडीकचरा आणि गांडुळे. वरून थेंब-थेंब पाणी पडू द्या आणि खाली झिरपलेले तपकिरी पाणी घ्या. पाच ते दहा पट पाण्यात मिसळून मुळाशी द्यावे. त्याला कुजका वास येत असेल तर पिंपात हवा खेळत नाही; ते पाणी पिकाला न देता पिंप मोकळे करून पुन्हा भरा. शेणातून आलेले रोगजंतू त्यात असू शकतात, म्हणून कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांच्या पानांवर ते फवारू नये.

जिवंत उत्तेजके: बियाण्याला आणि मुळालाच

रायझोबियम, म्हणजे कडधान्याच्या मुळांवर गाठी करून हवेतले नत्र स्थिर करणारे जिवाणू, पीकनिहाय निवडावे लागते. सोयाबीनचे हरभऱ्याला चालत नाही. भुकटीवरच्या कल्चरचे २५० ग्रॅमचे पाकीट १० किलो बियाण्याला पुरते. गुळाचे १० टक्के द्रावण उकळून पूर्ण गार करा, त्यात कल्चर कालवा आणि बियाण्यावर शिंपडून हलक्या हाताने चोळा. सोयाबीन, भुईमूग यांची साल नाजूक असते. जोराने चोळले की टरफल सुटते आणि उगवण घटते. बियाणे सावलीत पसरून सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. द्रावण कोमट असतानाच कल्चर घातले किंवा बियाणे उन्हात ठेवले, तर मेलेले जिवाणू पेरल्यासारखे होते. ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशींना रोखणारी उपयुक्त बुरशी) लावायचा असेल तर तो आधी, रायझोबियम सर्वांत शेवटी.

काम झाले की नाही हे पेरणीनंतर ३० ते ४० दिवसांनी कळते. झाड खणून मुळावरची गाठ नखाने किंवा ब्लेडने मधोमध कापा. आतून गुलाबी ते लाल दिसली तर नत्र स्थिर होते आहे; तो रंग लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या लाल प्रथिनाचा. पांढरी असेल तर अजून कोवळी किंवा निष्क्रिय, हिरवट-तपकिरी असेल तर तिचे काम संपले. गाठी भरपूर पण सगळ्या आतून पांढऱ्या असतील तर आम्ल जमीन, मॉलिब्डेनमची कमतरता किंवा जमिनीत रेंगाळलेले त्या पिकाला न जुळणारे जिवाणू यांचा विचार करा. गाठीच नसतील आणि पीक तरीही हिरवेगार असेल, तर जमिनीत नत्र आधीच भरपूर आहे.

मायकोरायझा बुरशीचे काम स्फुरद आणि जस्त पोहोचवण्याचे. स्फुरद मातीत जेमतेम सरकतो, त्यामुळे मुळाभोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा लवकरच रिता होतो. बुरशीचे तंतू त्या पट्ट्यापलीकडे जाऊन स्फुरद आणतात. बुरशीचे बीजाणू मुळाला टेकले तरच वसाहत होते. शेतभर फेकलेली भुकटी बहुतांश वाया जाते. ती रोपवाटिकेतल्या मिश्रणात, पुनर्लागवडीच्या खड्ड्यात मुळांखाली, किंवा बियाण्याच्या सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खाली द्या. कोबी, फुलकोबी, मोहरी, मुळा, पालक, बीट या पिकांवर पैसे घालवू नका. ही कुळे मायकोरायझाशी नातेच जोडत नाहीत. कोंबडीखत वर्षानुवर्षे पडलेल्या, स्फुरदाने भरलेल्या जमिनीतही झाड बुरशीला जवळ करत नाही, कारण त्याला गरजच उरत नाही.

स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंबद्दल अपेक्षा माफक ठेवा. ते आम्ले सोडून स्फुरद सुटा करतात, पण चुनखडीच्या जमिनीत ती आम्ले तिथल्या तिथेच शमतात. चांगल्या कुजलेल्या खतात मिसळून ओळीत दिल्यास त्यांना तग धरायला बरे पडते.

पाणी, मिश्रण आणि पंप

नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर जिवंत कल्चरसाठी ते उघड्या टाकीत एक दिवस राहू द्या. समुद्रशैवाल, फल्व्हिक आणि अमिनो आम्लांच्या फवारणीसाठी पाण्याचा सामू ५.५ ते ६.५ असावा. ह्युमेटच्या पाण्याला मात्र आम्ल लावू नका.

दोन द्रव्ये एकत्र करायची असतील तर आधी बाटलीत करून पाहा. फवारणीचेच पाणी एक लिटर काचेच्या पारदर्शक बाटलीत घ्या, दोन्ही द्रव्ये फवारणीच्या प्रमाणात एकामागून एक घाला, हलवा आणि अर्धा तास ठेवा. गोळे, दह्यासारखा साका, वेगळा थर किंवा बाटली हाताला गरम लागली तर ते मिश्रण टाकीत घालायचे नाही. जिवंत कल्चरबरोबर तांबे किंवा गंधक तर मुळीच नको.

हेक्टरी पाणी अंदाजाने धरू नका. १०० चौरस मीटर जागा मोजून घ्या, पंपात मोजून साधे पाणी भरा, नेहमीच्या चालीने फवारा आणि किती लिटर संपले ते पाहा. त्या आकड्याला १०० ने गुणा. पाच लिटर लागले तर हेक्टरी ५०० लिटर. दोन माणसांची चाल वेगळी असते, म्हणून फवारणी जो करणार त्यानेच हे मोजावे.

वेळ पहाटेची किंवा सूर्य कलल्यानंतरची. पानांच्या खालच्या बाजूला पर्णरंध्रे बहुतेक पिकांत जास्त असतात. नोझल खालून वर वळवून तिथेही थेंब बसू द्या. द्रावण पानांवरून ओघळू लागले की तिथे पुरे झाले.

कोरा पट्टा सोडल्याशिवाय फरक कळत नाही

शेताच्या सारख्या भागात, बांध आणि झाडांची सावली टाळून, शेजारी-शेजारी पट्ट्यांच्या तीन जोड्या आखा. प्रत्येक जोडीत एका पट्ट्यावर उत्तेजक, दुसऱ्यावर तेवढेच साधे पाणी. पाणी फवारणे महत्त्वाचे आहे, कारण तापलेल्या दिवसांत नुसत्या पाण्यानेही पीक टवटवीत दिसते. खुंट्या ठोका, वहीत तारीख, मात्रा, हवामान आणि पिकाची अवस्था लिहा. बाकी खत, पाणी, कोळपणी दोन्हींना सारखीच.

काढणीला प्रत्येक पट्ट्याच्या मधल्या ओळीच कापा, कडेच्या ओळी सोडा, आणि वजन वेगळे करा. तिन्ही जोड्यांत उत्तेजकाचा पट्टा पुढे असेल तर वाढीव मालाची किंमत उत्तेजक आणि मजुरीच्या खर्चाशी ताडून पाहा. दोन जोड्यांत पुढे आणि एकीत मागे असेल तर पुढच्या हंगामात पुन्हा मोजा, क्षेत्र वाढवू नका. तिन्हींत फरक नसेल तर ते द्रव्य त्या जमिनीत, त्या पिकाला त्या वेळी लागू पडले नाही. तेव्हा पुढच्या हंगामाचे पैसे कुजलेल्या खताकडे वळवा आणि पट्टा दुसऱ्या द्रव्यासाठी राखून ठेवा.